वाचक विचारतात : मालकच कर्जदार असलेली बँक

प्रश्न : आफ्रिकन विकास बँक १९९५च्या सुमारास अडचणीत आली आणि पुन्हा सावरली. नवं भांडवल ओतूनच ना? (निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड)

उत्तर : भांडवल आलं, पण १९९८मध्ये, आणि तेही आधी घर सावरल्यावर. दुखणं आपल्या पतसंस्थांसारखंच होतं : कर्ज घेणारे सभासदच संचालक निवडणार. इथे तर १९८२पर्यंत आफ्रिकेबाहेरच्या देशांना भागधारकच होता येत नव्हतं, म्हणजे मालक तेच आणि कर्जदारही तेच. बँकेचा कारभार तपासणाऱ्या डेव्हिड नॉक्स यांच्या समितीने १९९४मध्ये बोट ठेवलं ते मंजुरीच्या घाईवर. कर्ज किती मंजूर झालं याचा हिशोब चोख. प्रकल्प उभा राहिला का, हे पाहायला कोणी नाही. थकबाकी साचली आणि १९९५मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्स या मानांकन संस्थेने ‘एएए’ हा पतीचा सर्वोच्च दर्जा काढून घेतला. या बँकेकडे तुमच्या-आमच्या ठेवी नसतात, ती रोखे विकून पैसा उभा करते. दर्जा उतरला की रोख्यांचं व्याज चढतं, आणि ते शेवटी कर्जदार देशांच्याच माथी बसतं.

त्याच वर्षी मोरोक्कोचे ओमर कब्बाज अध्यक्ष झाले. नोकरकपातीची चर्चा जास्त झाली, पण आमच्या मते खरा इलाज कर्जधोरणाचा होता. फेडण्याची ऐपत असलेल्या देशांनाच बँकेच्या खिडकीवर, म्हणजे बाजाराच्या जवळपासच्या व्याजाने, कर्ज. गरीब देशांना बँकेच्याच सवलतीच्या आफ्रिकन विकास निधीतून, बिनव्याजी, ०.७५ टक्का सेवाशुल्क आणि ५० वर्षांची मुदत. मधले काही देश दोन्हीकडून घेत. २००३मध्ये ‘एएए’ परत मिळाला. तोटाही झालाच : निधीतला पैसा मोजका, त्यामुळे गरीब देशांचे मोठे वीजप्रकल्प अडले. म्हणून २०१४मध्ये अशा काही देशांना मर्यादित प्रमाणात बँकेची खिडकी उघडली गेली.

प्रश्न : २०१९मध्ये भांडवल २०८ अब्ज डॉलर झालं. एवढी रक्कम बँकेत जमा आहे? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. २०१०मध्ये भांडवल तिप्पट केलं, तेव्हा नव्या भागांच्या १०० रुपयांमागे जेमतेम ६ रुपये प्रत्यक्ष भरायचे होते. बाकीची रक्कम म्हणजे जामीनदाराची सही. बँक रोखेधारकांचे पैसे देऊ शकली नाही तरच ती मागायची. आजवर तशी वेळ आलेली नाही. पण सही कोणाची, याला महत्त्व आहे. मानांकन संस्था भक्कम पतीच्या देशांचीच हमी मोठी धरतात. १९९८मध्ये बाहेरच्या देशांचा वाटा ४० टक्क्यांवर गेला तो यामुळे. अध्यक्ष निवडताना मात्र एकूण मतांत बहुमत लागतं आणि आफ्रिकी देशांच्या मतांतही वेगळं लागतं.

प्रश्न : भारताला कर्ज मिळतं का? (लघुउद्योजक, भोसरी)

उत्तर : नाही, आफ्रिकेबाहेरचे सभासद फक्त भागधारक. भारत १९८३पासून आहे. त्यामुळे बँकेच्या कर्जातून निघणाऱ्या पंप किंवा ट्रान्सफॉर्मरच्या निविदा तुम्हाला भरता येतात. निविदा बँक काढत नाही, कर्ज घेणाऱ्या देशातलं सरकारी खातं काढतं. कागदपत्रं तिकडेच पाठवायची, अबिदजानच्या मुख्यालयात नव्हे.