टाकी रिकामी करू नका, कुहली प्लेटीखाली असतील

ताई, तुमची पोस्ट रात्री जेवणानंतर वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. सांगलीत दुकानातून पाच ‘ईल लोच’ (तळाला राहणारे, सापासारखे लांबट मासे) आणले, तीन नारिंगी-काळ्या पट्ट्यांचे, म्हणजे कुहली, एक साधा तपकिरी, एक लांब तोंडाचा. पंधरा दिवसांत पट्टेवाले तिन्ही दिसेनासे झाले, दोन छोटे निऑन टेट्रा मासेही कमी भरले, आणि दुकानदार म्हणतो, मेले असतील, पाण्यात विरघळले असतील, टाकी रिकामी करा आणि खडी मिठाच्या पाण्यानं धुऊन घ्या. मुलगा शाळेतून आला की काचेला नाक लावून शोधत बसतो, असंही तुम्ही लिहिलंय. फोटोत मागच्या कोपऱ्यात उभी नळी आणि तिच्यातून बुडबुडे दिसतात, म्हणजे तुमच्याकडे अंडरग्रॅव्हल फिल्टर आहे: खडीखाली भोकांची प्लेट आणि तिच्यातून वर आलेली नळी. एवढं लांबलचक लिहितोय ते त्या नळीमुळे.

तुम्ही म्हणताय तशी रविवारी टाकी रिकामी करू नका. एअर पंप तर अजिबात बंद करू नका.

क्लोरीन काढणं, टाकी मुरू देणं, आठवड्याला पाणी बदलणं यात मी शिरत नाही, ते तुम्हाला येतं हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं.

माझी गोष्ट २०११ ची, साताऱ्यातली. अडीच फुटी टाकी होती, खाली असाच प्लेटवाला फिल्टर, त्यावर दोन इंच खडी. नऊ कुहली आणले होते. आठवड्याभरात दोनच दिसायला लागले. मी दगड उचलून पाहिले, मॉसचा गोळा पिंजून पाहिला, टाकीमागची फरशीसुद्धा पुसून पाहिली, कारण हे मासे उडी मारतात. मेलेला एकही सापडला नाही. पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता. तिथंच मला कळायला हवं होतं. सात मासे खरोखर मेले असते तर एवढ्याशा टाकीत पाणी दोन दिवसांत गढुळलं असतं, बाकीचे मासे वर येऊन धापा टाकत राहिले असते. मासा पाण्यात साखरेसारखा विरघळत नाही.

एका रात्री त्या नळीच्या तोंडाशी काहीतरी बारीक, काळसर हललं. टॉर्च आणेपर्यंत आत गेलं. मला वाटलं, बदामाच्या पानाचा देठ बुडबुड्यांनी हलला असेल. ते शेपूट होतं.

मग दुकानात विचारलं. कुठल्या ते सांगत नाही, आता ते बंदही झालंय. मला तोच सल्ला मिळाला जो तुम्हाला मिळालाय, जवळजवळ शब्दाला शब्द. शनिवारी संध्याकाळी मी इतर मासे बादलीत काढले, पंप बंद केला, अर्धं पाणी ओढून टाकलं आणि उरलेल्यात दोन मुठी खडेमीठ घातलं. रविवारी सकाळी खडी काढायची असं ठरलं होतं. रात्री वाईहून फोन आला, मामा गेले. आम्ही सगळे तसेच निघालो. परत आलो ते सोमवारी संध्याकाळी.

खडी काढून प्लेट उचलली तेव्हा आधी सडक्या अंड्यासारखा वास आला. खाली काळ्या गाळाचा थर होता आणि प्लेटीच्या खालच्या बरगड्यांच्या खाचांत सहा कुहली एकाला एक लागून पडले होते. पट्टे अजून स्पष्ट होते. सातवा तळहातावर घेतला तेव्हा त्याचे कल्ले एकदा हलले. मी त्याला बादलीत सोडलं, पण तो तळाला जाऊन तसाच पडून राहिला.

हे का झालं ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. पंप चालू असताना नळीतून पाणी वर जातं, त्यामुळे खडीतून नवं पाणी सतत प्लेटीखाली ओढलं जातं. कुहलीसाठी ती जागा म्हणजे घरच: अंधार, हलका प्रवाह, वरून गळून येणारं खाणं. नळीच्या वरच्या तोंडातून किंवा प्लेट आणि काच यांच्यामधल्या फटीतून ते आरामात खाली जातात. पेन्सिलीपेक्षा बारीक अंग आहे त्यांचं. कित्येकांना कुहलीची पिल्लं सापडली आहेत ती अशा प्लेटीखालीच. म्हणजे माझे सातही मासे मजेत होते. मी पंप बंद केला आणि खालचं पाणी जागच्या जागी कोंडलं. गाळातल्या जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू संपवला. कुहली वेळ पडली तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि ती आतड्यातून वापरतात, बऱ्याच लोच माशांची ही सोय आहे. पण त्यासाठी वर येता यायला हवं. डोक्यावर प्लेट आणि दोन इंच खडी. त्यात मीठ. या माशांचे खवले इतके बारीक असतात की अंग जवळजवळ उघडंच, मीठ आणि औषधं त्यांना इतर माशांपेक्षा फार लवकर बाधतात.

आता तुमच्या पाच माशांकडे येतो. ‘ईल लोच’ हे दुकानातलं नाव आहे, त्याखाली काहीही विकलं जातं, आणि याचा मला खरंच राग येतो. पट्टेवाले तिन्ही कुहली आहेत, दुकानात ‘कुली’ म्हणतात तेच. काटेकोर बोलायचं तर पॅन्जिओ कुहली हा जावा बेटावरचा मासा. बाजारात त्या नावानं येतो तो बहुतेक वेळा पॅन्जिओ सेमिसिंक्टा असतो, मलाया, सुमात्रा, बोर्निओकडचा. पाळणाऱ्याला फरक पडत नाही, दोघांची निगा एकच. नाव हाइनरिश कूल या जर्मन निसर्गअभ्यासकावरून पडलं. तो १८२१ साली जावामध्येच वारला, अवघा तेवीस वर्षांचा होता, आणि माशाला त्याचं नाव मिळालं १८४६ मध्ये.

पट्ट्यांवरून ओळखायला जाऊ नका, पट्टे फसवतात. आधी पाठीवरचा पर बघा. कुहलीचा तो एकच, छोटासा आणि फार मागे असतो, जवळजवळ शेपटीकडे, खालच्या गुदपराच्या जरासाच पुढे. मग तोंड बघा: आखूड, बोथट, खाली वळलेलं, मिश्या असलेलं. डोळ्यावर पारदर्शक कातडी असते आणि डोळ्याखाली बारीक काटा, जो मासा घाबरला की उभा राहतो. जुन्या पुस्तकांत या कुळीला अकँथोफ्थॅल्मस म्हणत, म्हणजेच काटाडोळ्या. तो काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो, म्हणून यांना कापडी जाळीनं पकडायचं नाही.

तपकिरी मासा फोटोत अर्धाच दिसतोय, त्यामुळे खात्रीनं सांगत नाही. अंगावर एकही ठिपका नसेल आणि पर मागे असेल तर तो काळा कुहली, पॅन्जिओ ओब्लाँगा. कुशीवर ठिपक्यांची ओळ असेल, अंग जरा जाड आणि पर पाठीच्या मधोमध असेल तर तो आपल्याच नद्याओढ्यांतला लेपिडोसेफॅलिक्थिस नावाचा लोच असू शकतो. तोही गरीब मासा आहे, राहू द्या.

लांब तोंडाचा मात्र लोच नाहीच. सोंडेसारखं टोकदार नाक, मिश्या नाहीत, आणि पाठीवर सुटे सुटे बारीक काटे ओळीनं, मागे लांब पर: ते वाम माशाचं पिल्लू आहे. कृष्णेत मिळते तीच वाम किंवा तिची भावकी. बाजारात जी मोठी वाम येते ती जात ९० सेंटीमीटरपर्यंत वाढते. तुमचे निऑन तिनं खाल्ले असणार, आणि कुहली बाहेर यायला घाबरतात त्यालाही तीच कारण असेल. तिला आजच वेगळ्या, झाकण घट्ट असलेल्या टाकीत हलवा. हातानं धरू नका, काटे लागतात. मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी देऊन टाका, पण नदीत सोडू नका. दुकानातल्या पाण्यातून काय रोग घेऊन आली असेल ते आपल्याला दिसत नाही, आणि ती नक्की कुठली जात आहे हेही माहीत नाही.

तसंच उलट्या बाजूनं, कुणी म्हणेल चला कोयनेकडे जाऊन ओढ्यातले लोच धरून आणू, तर तेही नको. अभयारण्यात मासे धरणं गुन्हा आहे. सह्याद्रीत कुहलीचे सख्खे भाऊबंद आहेत, पॅन्जिओ गोएन्सिस हा गोवा-केरळकडचा. २०१९ मध्ये तर कोझिकोड जिल्ह्यातल्या एका घराच्या विहिरीतून नवी जात नोंदवली गेली, पाठीवर परच नसलेली, दिसायला शेवेच्या काडीसारखी, म्हणून नाव दिलं पॅन्जिओ भुजिया. असे मासे आहेत तिथेच बरे.

आता काय करायचं ते. पंप चालू ठेवा. सगळ्यांच्या मनात पहिलं येतं की नळीच्या तोंडाला जाळी बांधून टाकू. आज बांधू नका, ते आत असतील तर तुम्ही त्यांना कोंडाल. आधी बाहेर काढा. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, गळ्याचा भाग कापून उलटा आत बसवा, अंगाला सुईनं भोकं पाडा, आत गोठवलेल्या ब्लडवर्मचा (माशांच्या खाण्यातल्या लाल अळ्यांचा) तुकडा टाका आणि दिवे बंद झाल्यावर नळीजवळ आडवी ठेवा. कापलेली कड मेणबत्तीवर जरा धरून गोल करा, नाहीतर अंग सोलतं. माझ्याकडे नंतर असंच एका रात्रीत चार मासे आले होते. तुमच्याकडे तीन-चार रात्री लागतील, कदाचित जास्त. धीर धरा.

तरी आलेच नाहीत तर एका कोपऱ्यातली खडी वाटीनं बाजूला करा, प्लेट पाण्यातच हळूहळू उचला, आणि त्या वेळात टाकीत दुसरा एअरस्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा दगड, चालू ठेवा. तिन्ही मोजून बाहेर आले की मगच नळीवर मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्यानं बांधा आणि प्लेटीच्या कडेच्या फटीत स्पंजची पट्टी दाबा.

माझं मत विचाराल तर कुहली ठेवणाऱ्यानं हा फिल्टर काढून साधा स्पंज फिल्टर लावावा आणि खाली वाळू घालावी. हे फक्त माझं मत, उत्तम चाललेल्या अंडरग्रॅव्हल टाक्याही मी पाहिल्यात. पण वाळू म्हणजे बांधकामाची क्रश सँड नव्हे. ती दगड फोडून केलेली असते, कण धारदार असतात, आणि हे मासे दिवसभर त्यात तोंड आणि पोट घासतात. चिमूटभर वाळू तळहाताच्या मागच्या बाजूवर चोळा, टोचली तर नको. वर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, पाणी जड करेल.

पाण्यावरून आठवलं. साताऱ्यात कास तलावाचं पाणी मऊ, कुहलीला मानवतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी घालत असाल तर ते बंद करा, नळाचं शिळं करून घाला. रस्त्यावरच्या देशी बदामाची लाल होऊन गळलेली पानं धुऊन, वाळवून दोन-तीन टाका. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, हे मासे तशाच काळपट पाण्यातले. तापमान २४ ते २८ अंश, थंडीत हीटर हवाच. आणि तीनचे सहा करा, एकटे-दुकटे कुहली कायम लपून राहतात. दिवसा टाकलेलं खाणं टेट्रा संपवतात, त्यांचं खाणं दिवे मालवल्यावर टाका, तळाला बसणारं.

पांढरे ठिपके आले तर औषधाची मात्रा निम्मी, आणि तीही माशांचं कळणाऱ्या कुणाला विचारून. मी डॉक्टर नाही, फक्त टाक्या सांभाळलेला माणूस आहे.

आज रात्री अकराच्या सुमाराला सगळे दिवे घालवा, अर्धा तास थांबा, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा आणि मुलाला शेजारी बसवून फक्त नळीच्या तोंडाकडे बघत राहा. काय दिसलं ते इथंच लिहा, आणि तपकिरी माशाचा बाजूनं काढलेला एक फोटो टाका, पाठीचा पर दिसेल असा.