जीन बँकेतील (पिकांचे बियाणे जपून ठेवणाऱ्या संग्रहातील) जुन्या गव्हाचा नागपूरकडच्या उष्णतेत टिकणारे वाण तयार करण्यास उपयोग होईल का?
होईल, परंतु ते बियाणे थेट पेरण्यासाठी नसून संकरासाठी असते. १९२० आणि १९३० च्या दशकांत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ वॉटकिन्स यांनी जमवलेल्या गव्हाच्या ८२७ जुन्या स्थानिक वाणांचा डीएनए वाचला गेला (हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला), तेव्हा त्यांतील किमान ६० टक्के विविधता आधुनिक वाणांत वापरलीच गेलेली नसल्याचे दिसले. हव्या जनुकाजवळची डीएनए-खूण ठाऊक असली, की ओंबी धरण्याची वाट न पाहता रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा तपासून निवड करता येते. मात्र आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा भरतानाच पारा चढतो आणि तो सोसण्याचा गुण अनेक जनुकांवर अवलंबून असतो. शिवाय जुन्या वाणांबरोबर उंच वाढून लोळण्याचा दोषही येतो, म्हणून शेतावरच्या चाचण्यांची काही वर्षे टळत नाहीत.