गच्चीची चावी कोणाकडे?

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा भलामोठा मेसेज वाचला. रागात लिहिलेला दिसतो, आणि तो राग अगदीच खोटा नाही. अग्निशमन दलाच्या ट्रेनिंगमध्ये शिड्या चढलीस, बीए सेट (श्वासाच्या हवेचं नळकांडं) पाठीवर टाकून धुराच्या खोलीतून रांगलीस, होज खांद्यावर घेऊन धावलीस आणि एप्रिल लागल्यापासून हातात काय, तर माइक आणि पत्रकांचा गठ्ठा. आज शाळा, उद्या महिला मंडळ, परवा कुठल्याशा टॉवरच्या क्लब हाऊसात मॉक ड्रिल. ‘मी बाई आहे म्हणून मलाच धाडतात’ असं तू म्हणतेस. तसं असेल तर स्टेशन ऑफिसरला सरळ विचार, पाळी सगळ्यांना लावा म्हणून सांग. त्या भांडणात मी पडणार नाही, ते तुझं तुला छान जमेल. पण पुढे जे लिहिलंस, की हे काम म्हणजे नुसतं शोभेचं, त्यावर मात्र मला बोलायचंय.

आगीत माणसं भाजून जातात त्याहून जास्त धुराने गुदमरून जातात. आणि धुरात अडकतात, कारण वाट बंद असते, नाहीतर माहीतच नसते. वाट उघडी आहे की नाही हे वर्दी (आगीची खबर) आल्यावर कळून काय फायदा? ते आधी कळायला हवं. लोक शांत असतात, चहा घ्या म्हणून मागे लागतात तेव्हा. म्हणजे तुझ्या या ड्युटीत. भाषण हे निमित्त समज. तू तिथे इमारत बघायला जातेस.

२९ डिसेंबर २०१७ ची मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबची आग तुमच्या कोर्समध्ये शिकवली असेलच. १४ माणसं गेली, त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात सापडली. बाहेर पडायचा दुसरा रस्ता ठाऊक नाही, तर घाबरलेला माणूस माहितीच्या दाराकडे जातो. इतकं शिकलेल्या, हातात मोबाइल असलेल्या लोकांचं हे झालं. चाळीतल्या आजीकडून वेगळी अपेक्षा कशाला करायची?

इमारतीत जिना धुराने भरला तर दुसरा रस्ता गच्चीचाच. म्हणून कुठल्याही इमारतीत गेलीस की पहिला प्रश्न हाच टाक: गच्चीची चावी कोणाकडे? उन्हाळ्यात याचं उत्तर पटकन मिळतं, कारण कुरडया, पापड, सांडगे वाळत घालायला याच दोन महिन्यांत गच्ची उघडते. चावी कोणाच्या खुंटीला असते आणि ती बाई दुपारी कामावर गेली की कोणाकडे ठेवून जाते, हे तिसऱ्या मजल्यावरची प्रत्येक गृहिणी तुला सांगेल. सेक्रेटरीला विचारलंस तर ‘गच्ची कायम उघडीच असते मॅडम’ हे ऐकशील. तू त्याच्याबरोबर जिने चढून वर जा. जिना चढताना बोलायचं कमी आणि बघायचं जास्त. जिन्याखाली मीटरची पेटी असते, आणि तिच्याच पायाशी मंडळाचं थर्माकोल, मखराच्या पट्ट्या, रद्दी, मोडकी सायकल. आग लागायला आणि वाट अडायला एकच जागा! हे फळ्यावर चित्र काढून पटत नाही. चार माणसांना तिथे उभं करायचं आणि विचारायचं, इथे पेटलं तर तुमची आई कुठून उतरणार? उत्तर ती माणसं आपणच शोधतात, आणि बहुतेक वेळा त्याच रविवारी रद्दीवाला बोलावतात.

तुझ्या हद्दीत लालबाग येतं हे तुझं भाग्य. एप्रिल-मे म्हणजे तिथल्या मसाला गल्लीचा हंगाम. वर्षाचा मसाला करायला विरार-कल्याणपासून बायका येतात. मिरच्या निवडून, भाजून घ्यायच्या आणि कांडपाच्या रांगेत तास-तास बसायचं. महिला मंडळात तीस जणी जमवायला तुला आठवडाभर फोन करावे लागतात, इथे त्या आपणहून बसलेल्या असतात, रिकाम्या आणि गप्पांच्या मूडमध्ये. दुकानदारांशी आधी बोलून घे आणि एक रिकामा सिलिंडर, एक रेग्युलेटर घेऊन जा. (भाजणीच्या खकाण्याने तुला ठसका लागेल, बायका हसतील. हसू दे, ओळख लवकर होते.)

तिथे भाषण ठोकू नकोस. सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या तीन पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, ते दाखव. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर आला तर दारातूनच परत पाठवायचा. घरी गेल्यावर यातल्या निम्म्या जणी तरी ओट्याखाली वाकून बघतील याची मला खात्री आहे. मग नारिंगी रबरी नळीचा विषय काढ, पाच वर्षांनी बदलायची म्हणून. इथे हमखास कुणीतरी म्हणतं, आमची तर लग्नापासूनची आहे.

गॅस गळतीचं सांगताना पाइपचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस यांची गल्लत होऊ देऊ नकोस. हल्ली एका चाळीत दोन्ही असतात. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. खिडकी, झरोका उघडला की निघून जातो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत पसरतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यात खोल जागा म्हणजे मोरी, तिथे साचतो. वास वरच्या नाकाला कमी येतो, खाली निजलेल्या पोराला आधी येतो. अशा वेळी दिव्याचं बटण चालू करायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं. चालू असलेलं बंदही करायचं नाही, हे सांगावं लागतं. रेग्युलेटर बंद, दार-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, आणि बाहेर आल्यावर १९०६ ला फोन. पाइपचा गॅस असेल तर त्या कंपनीचा आपत्कालीन नंबर बिलावरच छापलेला असतो.

पेटलेल्या सिलिंडरवर ओलं पोतं टाकायचं प्रात्यक्षिक लोकांना फार आवडतं, टाळ्या पडतात. ते कर, पण माझं मत विचारशील तर बेतानेच कर. ज्वाळा लहान आहे आणि हात रेग्युलेटरपर्यंत पोहोचतोय, तोवरच ते ठीक. त्यापुढे गेली की सगळं सोडून बाहेर, हे प्रत्येक वेळी म्हण. टाळ्यांच्या नादात आपण लोकांना शूर करून सोडतो आणि मग त्यांनाच बाहेर काढायला जातो. कढईतल्या तेलाला आग लागली तर झाकण घालून शेगडी बंद करायची आणि पाण्याचा थेंब टाकायचा नाही, हे मात्र कितीही वेळा सांगितलंस तरी जास्त होणार नाही.

आता टॉवर. तिथे तुला एसी हॉलमध्ये खुर्ची देतील, पुष्पगुच्छ देतील, फोटो काढतील. पुष्पगुच्छ घे आणि आगीच्या पाण्याची पंप रूम दाखवा म्हण. पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वर आहे का बघ. पुष्कळ ठिकाणी तो बंद असतो, कारण कुठेतरी गळती असते, दाब उतरतो, पंप रात्री-अपरात्री आपोआप सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात. गळती काढायची सोडून खटकाच बंद! मग सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि लँडिंग व्हॉल्व्ह (जिन्यातला आगीच्या पाण्याचा नळ) उघडायला लाव. आधी जॉकी पंप (दाब टिकवणारा छोटा पंप) सुरू झाला पाहिजे, दाब आणखी उतरला की मोठा पंप. खाली माणूस उभा करून त्याला फोनवर विचार. नळातून नुसती फुस्स हवा आली तर त्या क्षणी समितीच्या सगळ्यांचे चेहरे बघ. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे होत नाही ते तिथे होतं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीकडून ‘बी फॉर्म’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. जानेवारीचा फॉर्म त्यांच्या फाइलमध्ये नीट लावलेला असेल. फॉर्म आहे आणि पाणी नाही, अशी इमारत भेटली की आवाज चढवू नकोस; लेखी नोंद करून वरिष्ठांकडे दे, पुढची नोटीस त्यांचं काम.

रेफ्यूज एरियात (आगीच्या वेळी थांबायला मोकळी ठेवायची जागा) योगवर्ग, जुने सोफे, कुंड्या असतात. फायर डोअर हवेसाठी वीट लावून उघडं ठेवलेलं असतं, म्हणजे धुराला जिना मोकळा. हे सगळं कोणाला सांगायचं? समितीला सांगच, पण त्याआधी वॉचमनला. रात्री दोन वाजता फक्त तोच जागा असतो. तो दर तीन-चार महिन्यांनी बदलतो, त्याला कुणी काही दाखवलेलं नसतं आणि पुष्कळदा मराठीही येत नसतं. त्याला हिंदीत नीट समजाव: मेन स्विच कुठे, पंप कुठे, गेटसमोरची गाडी कोणाची, बंब आला तर कुठून आत घ्यायचा.

उकाडा वाढला की वायरिंगच्या वर्द्या वाढतात, हे तू या महिन्यात बघतेच आहेस. जुन्या इमारतीत खोलीखोलीत एसी बसले, वायर मात्र पंखा आणि ट्यूबलाइटच्या काळातली. एसीला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो, इथे तो मल्टिप्लगवर फ्रिजशेजारी लटकतो. एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) सारखा पडायला लागला की इलेक्ट्रिशियन मोठा एमसीबी टाकून देतो, घरमालक खूश. आतली वायर तीच राहते, ती तापत राहते, आणि आता तिला थांबवणारं कुणी नसतं. ‘एमसीबी पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय’, एवढं एक वाक्य घरोघर ठेवून ये. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या जुन्या इमारतीच्या आगीत आपल्या दलाचे चार अधिकारी गेले, खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्यांसह. लाकडी सांगाड्याच्या अशा इमारती आतून कशा आहेत, कुठे पोटमाळे चढवलेत, कुठे भिंती पाडल्यात, हे तुझ्यासारखं कुणीतरी आधी बघून नोंदवून ठेवेल तर आत शिरणाऱ्याला कळेल की कुठवर जायचं.

१४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनाला, तू लोकांना छातीवर ध्वज लावशील. पोरं विचारतील कशाचा, तर १९४४ ची गोष्ट नीट सांग. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच संगतीला कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. पोरं सोन्यापाशी अडकतील. त्यांना कापसापाशी आण. कापूस आतल्या आत धुमसत राहिला आणि दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, तेव्हा आपले लोक पाणी मारत तिथेच होते. त्यातले ६६ जण गेले. एकत्र काय ठेवू नये हे यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही. मसाला गल्लीतल्या पोटमाळ्यावरही तेच लागू आहे. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, वस्तीवस्तीत मंडप, रोषणाई, जनरेटर. कार्यकर्त्यांकडे आदल्या संध्याकाळी जा, ऐन दिवशी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मंडपातून बाहेर पडायच्या दोन वाटा ठेवा आणि वायरचे उघडे जोड कापडाला लागू देऊ नका, एवढंच सांग, आणि जेवायचा आग्रह झाला तर जेवून ये.

मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा उन्हाळी शिबिरं गाठ. मुलांना रांगत बाहेर पडायला शिकवणं हा त्यांना खेळच वाटतो, पण मी फोन करायला शिकवण्यावर जास्त वेळ घालवीन. एकाने कंट्रोल रूम व्हायचं, दुसऱ्याने १०१ लावायचा. ‘आग लागलीय, लवकर या!’ म्हणून पोरगं फोन ठेवून देतं. मोठेही तेच करतात. गल्ली, जवळची ओळखीची खूण, कितवा मजला, काय पेटलंय, आत कोणी आहे का, आणि समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. शिबिर चौपाटीजवळचं असेल तर भरती-ओहोटीचंही बोल. सुट्टीतली पोरं ओहोटीला लांब आत जातात आणि परतताना पाणी मागून वेढतं.

तारेत अडकलेल्या कावळ्यांच्या, उन्हाने भोवळ येऊन पडलेल्या घारींच्या वर्द्या तुला कमीपणाच्या वाटतात असं दिसलं. ज्या गल्लीतून एक घार उतरवलीस, तिथे पुढच्या वेळी बंबासाठी गाड्या आपणहून हलतात. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

आणि स्वतःकडे बघ. या दमट हवेत टर्नआउट कोट (आगीत घालायचा जाड कोट) घालून डेमो देणं म्हणजे अर्ध्या आगीइतकाच घाम. तहान लागायची वाट बघू नकोस, निघण्याआधी पाणी पी, गाडीत ओआरएसची पाकिटं ठेव, दोन डेमोंच्या मधे कोट काढून सावलीत बस. भोवळ आली तर लपवायची नाही.

शेवटचं, त्या रिपोर्टचं. फॉर्मात ‘उपस्थितांची संख्या’ असा रकाना आहे, तो भरून द्यावाच लागतो. तू त्याच्याबरोबर एक साधी वही कर. इमारतीचं नाव, गच्चीची चावी कोणाकडे, मीटर कुठे, टाकी कुठे, बंब कुठपर्यंत जातो, वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का. एक पान एक इमारत. ती वॉच रूममध्ये ठेव, कपाटात नको, टेबलावर. पाऊस सुरू झाला की बंबावर ड्युटी मिळावी म्हणून अर्ज द्यायचाय ना? जरूर दे, मसुदा मला पाठव, मी भाषा बघतो. अर्जाला त्या वहीतली चार पानं जोड.

तुझा,
सर