बाँडवर सही पोराची, मग बोलणी तुमची कशी?

दादा, नमस्कार. पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, पुण्यातल्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्मची, म्हणजे धंद्यांना सल्ला देणाऱ्या कंपनीची, ऑफर आलीय, दोन वर्षांचा बाँड, मध्येच सोडलं तर एक लाख भरायचे. ही घ्यावी का एमबीए करावं, असा तुमचा प्रश्न.

त्याआधी पत्रातलं एक वाक्य खटकलं ते बोलतो. 'पगाराचं मीच एचआरशी फोनवर बोललो, दोन हजार वाढवून घेतले.' अहो दादा, पोरगा निघालाय लोकांसाठी वाटाघाटी करायला आणि त्याच्या पहिल्या पगाराची बोलणी बापानं केली, तो शेजारी बसून ऐकत होता! दोन हजार मिळाले खरं, पण पलीकडच्या माणसानं पोराबद्दल काय मत करून घेतलं असेल? पत्रात जागोजागी 'आम्ही ठरवलं' आहे, पोराचं म्हणणं एका ओळीतपण नाही. वक्तृत्वाची बक्षिसं आहेत म्हणता, म्हणजे स्टेजवर बोलतो आणि घरात गप्प. मार्कांची मला काळजी नाही, ह्याची आहे.

दुसरं, 'बाँडला कोर्टात काय किंमत नसते, बिनधास्त सही कर' असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. हे अर्धवट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळं, नोकरी सोडल्यावर 'दुसऱ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये जायचं नाही' असली अट सहसा टिकत नाही, हे बरोबर. पण 'इतके दिवस राहा नाहीतर पैसे भर' ही अट वेगळी, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षं नाहीतर दोन लाख असा बाँड मान्य केलाय. आता बँक ती बँक आणि छोटी फर्म ती छोटी फर्म, शिवाय ७४ व्या कलमाप्रमाणं करारातला आकडा ही वरची मर्यादा, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं, पण म्हणून सही करून विसरायचं नसतं. ट्रेनिंग नेमकं काय देणार, त्यांनीच काढलं तर काय, दीड वर्ष काढलं तरी पूर्ण एक लाखच का, एवढं विचारायचं. आणि ते पोरानं विचारायचं, मेलवर.

कारण ह्या लाईनीत बोलण्यापेक्षा लिहिण्यावर पोट चालतं. समजा कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदारानं स्टॉकची सिस्टीम बसवायला कन्सल्टंट घेतला आणि करारात 'व संबंधित सर्व कामे' एवढे चार शब्द येऊन बसले. मग मालक कॉस्टिंगपण करून द्या म्हणतो, बँकेच्या लोनचे कागद बघा म्हणतो, जीएसटीचा ताळमेळ लावा म्हणतो, आणि फी तीच. म्हणून काय करणार याच्याइतकंच काय करणार नाही हेपण लिहायचं, जादा कामाचा रेट वेगळा, पैसे टप्प्याटप्प्यानं, आणि फोनवर काही ठरलं की त्याच दिवशी 'आज असं असं ठरलं' म्हणून मेल टाकायचा. तुमच्या यार्डात शब्दावर लाखांचे सौदे होतात कारण उद्या परत तोच व्यापारी तोंडासमोर येणार असतो. इथं क्लायंटचा मॅनेजर सहा महिन्यांत बदलतो आणि नवा म्हणतो, मला कुणी काय सांगितलेलं नाही.

कॅट, एमबीए सीईटी ह्या एमबीएच्या प्रवेश परीक्षा दोन वर्षांनीपण देता येतात, तेव्हा कामाचा अनुभव हाताशी असेल. करारातच गोडी लागली तर पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी आहे, तेही सांगलीत होतं.

बाँडची उत्तरं नीट आली तर माझ्या मते ऑफर घ्यावी. मात्र त्या एचआरला तुम्ही परत फोन करू नका. आणि मला येणारं पुढचं पत्रपण पोरानंच लिहावं, सोबत करारातल्या ज्या ओळी त्याला कळल्या नाहीत त्या त्यानंच उतरवून पाठवाव्यात.