फॅटी लिव्हर झालंय हे लक्षणांवरून कसं ओळखावं?

खरं सांगायचं तर, फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, सुरुवातीला लक्षणांवरून बहुधा ओळखताच येत नाही. थकवा किंवा उजव्या बरगडीखाली जडपणा काहींना जाणवतो, पण त्याची इतरही अनेक कारणं असतात. त्यामुळे दुखण्याची वाट न पाहता धोका कोणाला आहे ते पाहा: मधुमेह, रक्तातली वाढलेली चरबी (ट्रायग्लिसराइड्स), नियमित दारू, कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर. मानेवर, काखेत काळपट, मखमली त्वचा दिसली तर तो इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचा इशारा असतो. घासून जाणारा मळ नव्हे.

सोनोग्राफी करा, पण चरबी थोडीच असेल तर ती तिच्यात दिसायची राहू शकते. एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, आजार असूनही ती नॉर्मल येऊ शकते. खरा प्रश्न यकृतात व्रण पडून ते कडक होतंय का, हा आहे. वय, एसजीओटी (यकृताची आणखी एक रक्तचाचणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट्सवरून डॉक्टर फिब-४ हा अशा व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढतात. मध्यमवयात तो १.३ च्या वर असेल तर यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅन तपासणीबद्दल विचारा.

डोळे पिवळे, पोटात पाणी, पायांवर सूज ही उशिराची लक्षणं. डॉक्टरांना लगेच दाखवा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बरळणं असेल तर थेट इमर्जन्सी गाठा.