'तस्करी' म्हणावं की 'अपव्यापार'?

प्रश्न असा : बातम्यांत 'मुलांची तस्करी' लिहितात, कायद्यात 'अपव्यापार' दिसतो. दोन्ही एकच का? आणि मूल त्याच जिल्ह्यात राहिलं, तर ती तस्करी कशी?

माझ्या मते एकच नाहीत. संस्कृतात तस्कर म्हणजे चोर. मराठीत तस्करी म्हटलं की सोनं, चंदन, अमली पदार्थ आठवतात, माल लपवून नाक्यापलीकडे काढणं आठवतं. मुलाला लपवावं लागतंच असं नाही. चौदा वर्षांचा मुलगा, शेजारी 'मामा' म्हणवणारा माणूस, दोघांची तिकिटं खिशात, मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा. डब्यात कुणालाच काही वावगं दिसत नाही. मुलाला कशासाठी नेलं जातंय, त्यात गुन्हा आहे.

संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद 23 मध्ये 'माणसांचा अपव्यापार' असे शब्द आहेत. अपहार, अपव्यय यांतला हा 'अप'. ज्याचा व्यापार होताच कामा नये, त्याचा व्यापार.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 143 (आधी भादंवि 370) वाचलं की हाच शब्द चपखल वाटतो. शोषणासाठी माणसाला कामावर लावणं, नेणं, आसरा देणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, स्वीकारणं, यातलं काहीही धमकी, फसवणूक किंवा आमिषाने केलं तरी गुन्हा. सीमा ओलांडण्याची अट कुठेच नाही. आमिषात पीडितावर ताबा असलेल्याला दिलेला पैसाही येतो, म्हणजे आपल्याकडची 'उचल' आईबापांच्या हातात ठेवून मूल शोषणासाठी नेलं, तर तीही त्यात आली. 'पोरगा राजीखुशीने आला' हा बचाव चालत नाही, कारण पीडिताची संमती इथे गैरलागू आहे. एका बालकासाठी किमान 10 वर्षं सश्रम कारावास, एकाहून अधिक बालकांसाठी किमान 14. दोन्हींत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

संयुक्त राष्ट्रांनीही 2000 साली माणसांच्या अपव्यापारासाठी एक आणि स्थलांतरितांना चोरून सीमेपार नेण्यासाठी दुसरा, असे वेगळे करार केले. पहिल्यात तर 18 वर्षांखालच्या मुलाबाबत जबरदस्ती किंवा फसवणूक दाखवण्याचीही गरज ठेवलेली नाही.

तरी बोलताना कुणी 'तस्करी' म्हटलं तर मी अडवणार नाही, शब्द रुळलाय. मला खटकतं ते 'छाप्यात सात मुले हस्तगत'. हस्तगत होतो तो माल, ताब्यात घेतात आरोपीला. मुलांची सुटका होते, तेवढं तरी नीट लिहा.