जुन्या ओळी उडव, गड्या

प्रिय गड्या,

काल तुझा मेसेज वाचला आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. तुझ्या फ्रीबीएसडी सर्व्हरवरच्या जेलचा, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या मशीनसारखा चालणाऱ्या कप्प्याचा, आयपी तू जेल.कॉन्फ या जेलच्या सेटिंग फाइलमध्ये बदललास, जेल रिस्टार्ट केलास, तरी आत जुनाच आयपी, आणि तू रात्रभर स्विच आणि केबली तपासत बसलास. नेटवर्कचं काही नाही रे. तुझ्या आरसी.कॉन्फमध्ये, म्हणजे अख्ख्या मशीनच्या सेटिंग फाइलमध्ये, त्या जेलच्या जुन्या ओळी अजून जिवंत आहेत. रूटडिर (जेलचा फोल्डर) आणि होस्टनेम (जेलचं मशीन म्हणून नाव) दोन्ही तिथं सापडले की फ्रीबीएसडीची स्टार्टअप स्क्रिप्ट जेल.कॉन्फकडं बघतच नाही, जुन्या ओळींवरनं स्वतःच एक फाइल बनवते आणि ती वापरते. व्हार-रन फोल्डरमध्ये जाऊन बघ, जेलच्या नावाची कॉन्फ फाइल दिसेल, आत तुझा जुना आयपी. ती हातानं सुधारत बसू नकोस, जेल परत चालू केला की परत नव्यानं बनते.

एका जेलची माहिती एकाच जागी. बाकी काही विसरलास तरी चालेल.

2000 साली फ्रीबीएसडी 4.0 मध्ये जेल आले तेव्हा जेल.कॉन्फ नव्हतीच, पुढं बरीच वर्षं आरसी.कॉन्फमध्येच लिहायचो. पण 2012 ला 9.1 आली, तिच्यात जेल.कॉन्फ आली, आणि 10 पासून जुनी पद्धत दिसली की वॉर्निंग येते. ती वॉर्निंग तू बघतोस आणि सोडून देतोस, कारण साहेब म्हणतात चालतंय ना, मग हात लावू नको. काय चालतंय? तुझा आयपी तर बदलेना!

सांगलीत मला हेकट म्हणतात, माहिताय मला. जुन्या ओळी ठेवून काम करणार नाही म्हणालो म्हणून एक मोठं काम हातचं गेलं, घरी बोलणी खाल्ली, मार्केट यार्डाकडनं गाडी नेली की अजून जिवाला लागतं. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं आणि एका पेढीचं बिलिंग रातोरात दुसऱ्या मशीनवर उभं करायची वेळ आली तेव्हा डेटा आणि एक फाइल उचलली, बस्स, जेल उठला. कुठल्या ओळी कुठं राहिल्या हे शोधायला त्या रात्री वेळ कुणाकडं होता? मी हेकट होतो म्हणूनच ते जमलं, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आता नीट ऐक. आधी जुन्या सेटिंगवरच जेल बंद कर, कारण बंद करताना जेलला जोडलेले फोल्डर (माउंट) आणि आयपी काढायचं कामही त्याच सेटिंगवरनं होतं. मग व्हार-रनमधली ती फाइल समोर ठेवून जेल.कॉन्फ जुळव. एक्झेक.स्टार्ट आणि एक्झेक.स्टॉप, म्हणजे जेल सुरू आणि बंद करताना चालवायच्या कमांड, स्वतः लिही, जुन्या पद्धतीत ते न लिहिता मिळायचं, इथं नाही मिळत. मग आरसी.कॉन्फमधनं त्या जेलच्या सगळ्या ओळी उडव, जेल_एनेबल (जेल चालू करायचे की नाही) आणि जेल_लिस्ट (जेलांची यादी) तेवढ्या राहू देत. ओळींच्या सुरुवातीला हॅश (#) लावून त्या नुसत्या झोपवून ठेवू नकोस, उडव म्हणजे उडव, जुनी प्रत गिटमध्ये, बदलांच्या नोंदीत, आहेच की. सहा महिन्यांनी कुणीतरी शहाणा येऊन तो हॅश काढतो. एकाच जागी, गड्या, एकाच जागी.

रविवारी यार्ड बंद असतं तेव्हा होस्ट, म्हणजे जेल ज्यावर चालतो ते मूळ मशीन, पूर्ण रीबूट करून बघ, नुसता जेल रिस्टार्ट करून समाधान मानू नको. अडलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, फक्त त्याआधी आरसी.कॉन्फवर एकदा ग्रेप मारून शोध, त्या जेलचं नाव जेल_लिस्ट सोडून अजून कुठं दिसलं तर आधी ते काढ, मग फोन कर.

तुझा,
दादा